शब्द बदलायचा नाय

"फुकट वाटायचं म्हणतेस. मग तुला त्यात काय मिळणार?"

उज्वलाबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला, पण मांडीवरच्या पुस्तकावरचा हात काढला नाही.

समोर बसलेली अपेक्षा महाडहून स्कूटीवर पोलादपूरला आली होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरून करायची आणि उरलेल्या वेळात बायबल वाचायच्या एका मोफत सॉफ्टवेअरचं. ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. देशोदेशीची माणसं मिळून ते लिहीत होती. त्यात तिला महिपत सरांचा अनुवाद घालायचा होता. सर गेल्यापासून त्याचे हक्क त्यांच्या पत्नीकडे, उज्वलाबाईंकडे होते.

"काहीच नाही मिळणार, काकू."

काही नको म्हणणारी माणसं उज्वलाबाईंनी पाहिली होती. सर वरंधच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या बायाबापड्यांची बोली ऐकून ऐकून त्यांनी बायबलमधली येशूच्या चरित्राची चारही पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं, त्या बोलीत आणली आणि घरातच प्रकाशन काढून छापली. मग मुंबईचा एक प्रकाशक आला, गोड बोलून प्रत घेऊन गेला. पुढे त्याचं पुस्तक निघालं. त्यात झाडून सगळ्या 'नाय'चं 'नाही' झालं होतं आणि सरांचं नाव कुठेच नव्हतं. सर भांडले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

"तू ख्रिस्ती नायस. बौद्धवाडीतली ना? मग तुला बायबल कशाला?"

"माझी आजी वरंधची होती. ती बोलायची तसं छापलेलं मी हे एकच पुस्तक पाहिलं. मैत्रिणीच्या घरी."

हेही पाठ करून आणलेलं असणार, असं उज्वलाबाईंना वाटलं. "काय बोलायची आजी?"

अपेक्षा जरा लाजली. "शाळेतून आले की म्हणायची, 'जेवलीस काय गो? नाय तर बस हितं, मी हाय ना.'"

तो हेल खोटा नव्हता. तरी उज्वलाबाईंनी मुद्दा सोडला नाही.

"आणि कुणी शब्द बदलले तर?"

"बदल न करता वाटा, अशी अट घालता येते. आमच्यातल्या काहींना ती पटत नाही, त्यांच्याशी मी भांडेन. पण कुणीच बदलणार नाही, असं वचन नाही देता येत, काकू. उद्या एखाद्याने बदललं, तर त्याला अडवायला मी असेनच असं नाही."

उज्वलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मुंबईवाल्याने सगळी वचनं दिली होती.

पुस्तकाचे गठ्ठे महाडच्या एका गोदामात होते. मागच्या मोठ्या पुरात त्यांचा लगदा झाला. कपाटात होत्या त्या थोड्या प्रती उरल्या. त्या गेल्या की संपलं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"सरांचं नाव पहिल्या पानावर," त्या अखेर म्हणाल्या. "आणि शब्द बदलायचा नाय. असं लिहून आण, मी सही करते."

पुस्तक त्यांनी तिच्या हातात दिलं. अपेक्षाने पानं चाळायला सुरुवात केली, तोच त्या म्हणाल्या, "थांब. येशू तळ्यातलं वादळ शमवतो, ती गोष्ट काढ."

तिने काढली.

"शेवटी 'वारा निघाला' हाय ना? सरांनी 'निजला' लिहिलेलं. छापताना घोळ झाला. अर्थच उलटा झाला गो. विकायच्या प्रत्येक प्रतीत ते हातानं दुरुस्त करायचे. मग आजारी पडले. या प्रती तशाच राहिल्या."

अपेक्षाने पर्समधून पेन काढून पुढे केलं.

उज्वलाबाईंनी चष्मा पुसला. 'निघाला' सावकाश खोडलं आणि वर 'निजला' लिहिलं. अक्षर सरांसारखं वळणदार आलं नाही. शाई वाळेपर्यंत त्यांनी ते पान मिटू दिलं नाही.