लंगड्या मेंढीची शेकोटी

मी 'लंगडी मेंढी'ची शेकोटी बोलतेय. आवाज जरा दबका येईल. तोंडावर विटा आहेत.

यॉर्कशायरच्या डोंगरात स्केलबेक नावाचं गाव आहे. तिथल्या 'लंगडी मेंढी' या पबच्या भिंतीत मला बांधलं, त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. माझे दगड रचणारा गवंडी डावखुरा होता, म्हणून मी किंचित एका बाजूला कललेली. मेंढ्या हाकत बाजाराला निघालेली माणसं माझ्यापुढे मोजे वाळवायची, बिअर प्यायची आणि दुसऱ्याच्या मेंढ्यांना नावं ठेवायची. मी मात्र कुणाला नावं ठेवली नाहीत. तेव्हा तसं कारणच नव्हतं.

माझं सोन्यासारखं आयुष्य गेलं ते एनिड मेटकाफच्या हाताखाली. पब एका बिअर कंपनीचा होता, पण चालवायची एनिड. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीनं. माझ्या कुशीत लोखंडी दाराची एक भट्टी आहे. त्यात ती सकाळी हंडी ठेवायची. खाली म्हाताऱ्या मेंढीचं मटण, त्यावर कांदा, सगळ्यात वर बटाट्याच्या चकत्या. पाच तास मंद आच. झाकण निघालं की बोलणारी माणसं गप्प व्हायची. लांबून लोक यायचे. माझ्या उजव्या हाताला सेप आल्डरसन हा मेंढपाळ आणि त्याची कुत्री बसायची. सेप ऐंशीचा. साठीच्या एनिडला तो पोरीच म्हणायचा.

मग कंपनीनं पब विकला. घेणारा डंकन ऑलसॉप लंडनहून आला. गोड बोलायचा. त्यानं एनिडचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं, "तुम्ही इथेच राहायचं. तुमच्याशिवाय हा पब म्हणजे नुसत्या भिंती. फक्त मला सगळं शिकवा."

एनिडनं शिकवलं. चार महिने. मटण कुठून आणायचं, तळघरातली पिंपं किती दिवस हलवायची नाहीत, बटाटा किती जाड कापायचा. एकदा ती म्हणाली, "आता शेकोटीचं सांगते, बाळा. हिचे नखरे आहेत." तो हसला. "लाकडं जाळायला कसली आलीय अक्कल!"

माझ्यासमोर म्हणाला. दोनशे वर्षांत असं मला कुणी बोललं नव्हतं.

पुढच्याच मंगळवारी, एनिड भट्टीत हंडी सरकवत असताना तो आला. "एनिड, तुम्ही आता आराम करा."

"आराम मी मागितला होता का?"

"तसं नाही. पण पब नव्यानं उभा करायचाय. तुमच्या वयाला झेपायचं नाही."

तिनं हंडी नीट आत ठेवली. दार लावलं. एप्रन काढून घडी घातली आणि मागच्या दारानं गेली. हंडी शिजत राहिली. दुपारी लोकांनी बोटं चाटत खाल्ली. माझ्यावर लाकूड पडत होतं, पण त्या दिवशी माझ्या आत जे पेटलं, ते लाकडानं नव्हे.

महिन्याभरात भिंतीवर चौकट लागली, 'आमच्या आजीची हंडी'. सेपनं ती वाचली आणि मोठ्यानं म्हणाला, "तुझ्या आजीला अंडंसुद्धा उकडता यायचं नाही, असं तूच सांगत होतास ना रे?"

दुसऱ्या दिवसापासून पबमध्ये कुत्र्यांना बंदी झाली. चिखलाच्या बुटांनाही. म्हणजे सेपला.

मी वाट बघायला लागले. माझ्यासारखीला दुसरं काय करता येतं?

जानेवारीतल्या एका रविवारी ती वेळ आली. कुठल्या गावी कुठल्या पबमध्ये काय खावं-प्यावं, हे सांगणाऱ्या एका पुस्तकाची परीक्षक बाई जेवायला येणार होती. ती गुपचूप येते म्हणे, पण डंकनला कुठून तरी कळलं होतं, आणि बिअर पोचवणाऱ्या गाडीवाल्याकडून सेपला. भर दुपारी दार उघडलं. एनिड आत आली. अंगात तिचा ठेवणीतला निळा कोट. मागे धुतलेले बूट घातलेला सेप. त्यांनी माझ्याजवळचं टेबल घेतलं आणि हंडी मागवली.

डंकनचा चेहरा पडला, पण परीक्षक बाई आधीच येऊन समोर बसलेली. त्यानं हसून ऑर्डर घेतली आणि शोभा म्हणून माझ्यात लाकडांचा ढीग रचला.

बाहेर पूर्वेचा वारा सुटला होता. तो वारा असला की माझा धूर उलटा खोलीत येतो. उपाय साधा आहे. मागच्या मोरीची खिडकी चार बोटं उघडायची. एनिड चहा ढवळावा तितक्या सहज ते करायची.

मी धूर सोडला. वाऱ्यामुळे सुटला म्हणा हवं तर. पण मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आधी एक झुळूक, मग लोट. लोक खोकू लागले. डंकननं धावत पुढचं दार उघडलं. तेच करायचं नसतं. धूर दुप्पट झाला. डोळे पुसत तो एनिडच्या टेबलाशी आला. "एनिड, काय करायचं असतं? सांगा ना!"

एनिडनं घास संपवला. "मला काय विचारता, साहेब? मी गिऱ्हाईक. लाकडं जाळायला कसली आलीय अक्कल?"

"प्लीज!"

"बटाटा जाड कापलाय," ती म्हणाली. "आजीला विचारा."

परीक्षक बाई नाकाला रुमाल लावून उठली होती. तिनं चौकटीकडे पाहिलं, मग एनिडकडे. "ही हंडी कुणाची?"

"माझी," एनिड म्हणाली. सेपला हसता हसता इतका ठसका लागला की त्याला बाहेर न्यावं लागलं.

पुस्तकात पबबद्दल दोनच ओळी आल्या. हंडी दुसऱ्याच बाईची, धूर मात्र मालकाचा स्वतःचा.

डंकननं राग माझ्यावर काढला. माझ्या तोंडावर विटा चढवल्या, पुढे खोट्या ज्वाळांचा विजेचा हीटर ठेवला. पण माणसं परतली नाहीत. वसंत ऋतूत त्यानं पब विकला. घेणारे शहरातले. त्यांनी सुट्टीचं घर केलं. वर्षातून दोन आठवडे येतात. आता स्केलबेकला बसायला जागा नाही.

गेल्या शरदात एनिड झाडलोटीच्या कामासाठी किल्ली घेऊन आली. सोबत सेप होता. तिनं माझ्या विटांवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"पोरी, त्या दिवशी एक शब्द बोलली असतीस तर?" सेपनं विचारलं.

"पब राहिला असता."

"मग वाईट वाटतं का?"

"नाही," ती म्हणाली. "थंडी वाजते फक्त."

मलाही वाजते. तरी मी त्याला माफ केलेलं नाही. निरोप घेताना तुमच्याजवळ एवढंच मागते. तुम्ही कुठल्याशा पबमध्ये शेकोटीजवळ बसला असाल, आणि डंकन ऑलसॉप नावाचा माणूस हात चोळत येऊन "जरा सरकता का?" म्हणाला, तर सरकू नका.