कोरडी हवा

पाऊस थांबला होता, पण हवा अजून पिळून काढावी इतकी ओली होती. डब्यातल्या मिठाचा गोळा झाला होता, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढली होती आणि अण्णांच्या छातीत पहाटेपासून शिट्टी वाजत होती.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. दम्याचं कोणी विचारलं की म्हणायचे, "इंजिन जुनं झालंय, चढाला आवाज करणारच." ती हसायची, पण कान त्या आवाजाकडेच लागलेले असायचे.

ती कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती. दुपारी तिने घरी फोन केला. अण्णांनी उचलला नाही. परत केला, परत तेच. मशीनखालून कापड सरकत होतं आणि जीव सगळा घरी. शेवटी टाका वाकडा गेलाच.

"जा गं, आधी बघून ये," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर कापड वाया घालवशील."

घराला कुलूप होतं. तिच्याजवळच्या किल्लीने उघडून पाहते तर टेबलावर फोन आणि फोनशेजारी अण्णांचा दम्याचा पंप. पंप मुठीत धरून ती जिना उतरली.

कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला, "अण्णा ना? बँकेत गेलेत. रोजच जातात की!"

रोज? बँकेत रोज कसलं काम?

बँकेत एसी चालू होता. अण्णा हातात टोकन घेऊन बाकावर ऐसपैस बसले होते.

"अण्णा! इथे काय करताय?"

"हळू बोल." ते ओशाळले. "नंबर आला की दुसरं टोकन घेतो. इथली हवा कोरडी आहे गं. छाती मोकळी होते."

"आणि पंप?"

त्यांनी खिसे चाचपले आणि त्यांचा चेहरा उतरला.

दाराबाहेर पाऊल टाकताच ती कोंदट हवा अंगावर आली. पायरीवरच अण्णांना खोकल्याची उबळ आली, मग शब्दच फुटेना. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. माणसं जमली. कोणी म्हणालं पाणी पाजा, कोणी म्हणालं आडवं करा.

"आडवं नाही करायचं! बाजूला व्हा!" ती ओरडली.

त्यांना पायरीवर ताठ बसवलं. घामेजल्या बोटांनी पंपाचं झाकण निघता निघेना. निघालं. पंप हलवून तिने त्यांच्या तोंडाशी धरला. "सावकाश ओढा." जरा थांबून पुन्हा एकदा. त्यांच्या ओठांवरून तिची नजर हटत नव्हती.

हळूहळू दंडावरची पकड सैल झाली.

"पोराला... सांगू नकोस," हे त्यांचे पहिले शब्द.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. अण्णा जेवेपर्यंत फुगून बसले. मग आपला सदरा तिच्यापुढे टाकून म्हणाले, "आतून खिसा लाव. पंपापुरता."

तिने लगेच शिवायला घेतला. बटण लावायला सुई ओवली आणि थबकली. घाईत उघडलं नाही तर? बटण तिने डब्यात परत टाकलं.