ओकेखाली दाबलेलं नाक

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे आणि मला भयंकर राग आला आहे. घाईघाईत सांगतो, कारण सुरू झाल्यापासून माझ्याकडे फक्त अकरा मिनिटं असतात. बाराव्या मिनिटाला मी बंद पडतो. पूर्वी असं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी माझी सर्व्हिसिंग झाली, तेव्हापासून आहे.

मला चिंचवडला ओतलं. पहिली बावीस वर्षं मी चाकणजवळच्या एका विहिरीवर काढली. शेत आमच्या लाँच कमिटीच्या अध्यक्षांच्या, बबनरावांच्या वडिलांचं. त्यांच्या कांद्याला मी पाणी पाजलं. पुढे शेत कंपनीला गेलं, विहीर बुजवली, तिच्यावर ट्रक उभे राहू लागले आणि मला धरणाच्या पाण्यात, या लाँचवर बसवलं. पलीकडच्या वाडीतल्या बायका रोज सकाळी माझ्या जिवावर अलीकडे येतात आणि कंपनीची बस पकडतात. लाँच चालवते विमलबाई. माझ्या आवाजावरून ती माझी तब्येत ओळखते.

आज गुरुवार, कंपन्यांना सुट्टी. लाँचवर तिघं आहेत: विमलबाई, माझी सर्व्हिसिंग करणारा समाधान आणि अध्यक्ष बबनराव. माझी शेवटची परीक्षा आहे. वाडीला जाऊन परत आलो तर ठीक. नाही तर लाँच बंद, बायकांनी डोंगराला वळसा घालून चालत यायचं आणि मी कुदळवाडीच्या भंगारात. त्या सर्व्हिसिंगआधी चौदा वर्षांत मी विमलबाईला पाण्याच्या मधोमध कधी सो—

बंद.

बबनराव : बघा! म्या म्हनलं व्हतं का न्हाई? म्हातारं झालंय ते.

विमलबाई : तुमच्यापरीस धाकटं हाय, बबनराव.

समाधान : भांडू नका. मावशी, टाकीत डिझेल किती हाय बघा. तोवर मी नळीतली हवा काढतो.

(विमलबाई टाकीचं झाकण उघडून काठी बुडवते. झाकण उघडताना फुस्स असा आवाज होतो. टाकी भरलेली आहे. ती झाकण लावते. समाधान नळीवरचा स्क्रू सैल करतो, डिझेल येतं, स्क्रू आवळतो, हँडल मारतो.)

—डलं नव्हतं! आणि आज मी म्हातारा? बबनराव, तुमच्या कांद्याच्या पट्टीच्या पैशांवर तुमचं घर उभं राहिलं, तेव्हा मी तरुण होतो का? तेव्हा दसऱ्याला हार घालत होतात. आता मोठ्या गाडीतून उतरता आणि माझ्यापासून चार हात लांब उभे राहता, पांढऱ्या कपड्यांना डाग नको म्हणून.

समाधानवरचा राग वेगळा. तो कष्टाळू आहे. लातूरकडचा, तळवड्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. सुट्टीच्या दिवशी स्वतःहून आला. तेल बदललं, फिल्टर बदलला, पट्टा ताणला. उत्तम! तिथंच थांबायचं की नाही? पण त्याच्या कारखान्यात उघडं भोक म्हणजे दोष. तपासणीला आलेले साहेब पहिलं बोट तिथंच ठेवतात. माझ्या टाकीच्या झाकणावर सुई जाईल एवढं भोक होतं. धूळ जाते म्हणून त्याने त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर हिरवा रंग मारला आणि पिवळ्या पेनाने इंग्रजी गोल ओ काढला, शेजारी के. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर तीच खूण. सगळीकडे ओके!

ते भोक माझं नाक होतं हो! डिझेल खाली उतरतं तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते. नाही आली तर डिझेल वरच अडकून बसतं. अकरा मिनिटं कशीबशी निघतात, आणि मग भरल्या ताटासमोर मी उपाशी म—

बंद.

बबनराव : झालं! लावतो भंगारवाल्याला फोन.

विमलबाई : लावा. मधल्या पान्यातनं घरी कसं जायचं, ते बी त्यालाच इचारा.

समाधान : पंप गेलाय, मावशी. बाकी समदं मी तपासलंय. जिथं ओके हाय तिथं बघायचं कामच नाही.

विमलबाई : मघाशी कसं चालू झालं मग?

समाधान : मी हवा काढली म्हणून.

विमलबाई : मग काढ की आता.

(समाधान स्क्रू सैल करतो. एक थेंब येत नाही.)

समाधान : डिझेल संपलं वाटतं.

विमलबाई : आत्ता तर भरलेलं व्हतं. पिलास का तू?

(ती झाकण उघडते. फुस्स! त्याच क्षणी स्क्रूतून डिझेल भळाभळा समाधानच्या हातावर.)

विमलबाई : थांब. मघाशी बी म्या झाकण उघडलं म्हनून चाललं. तुझ्या हवेनं न्हाई. बबनराव, तेलाच्या डब्याला भोकं किती पाडता?

बबनराव : दोन. येकातनं तेल येतं, दुसऱ्यातनं वारं जातं. येकच पाडलं तर तेल—

(तिघंही झाकणाकडे बघतात.)

समाधान : पण तिथं ओके केलंय मी, मावशी.

विमलबाई : म्हनून तर कुनी बघितलं न्हाई!

(ती बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढते आणि गोल ओच्या मधोमध खुपसते. हिरवा कपचा उडतो. समाधान स्क्रू आवळतो, हँडल मारतो.)

—रत होतो!

दहा मिनिटं. अकरा. बारा. वीस. वाडी आली. वळलो. बासष्टाव्या मिनिटाला मी अलीकडच्या काठाला लागलो.

“कांद्याच्या टायमाला बी ह्येचा आवाज असाच व्हता,” बबनराव म्हणाले आणि फोन खिशात घातला. आत्ता आठवलं! समाधान पिवळं पेन घेऊन झाकणावर वाकला, तेव्हा विमलबाईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. “चुकलं, मावशी,” तो म्हणाला. तिला म्हणाला. मला नाही.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. कुणी चालता चालता थांबलं की लगेच त्याला म्हातारं ठरवू नका. शेवटचा हात कुणाचा लागला होता ते विचारा आणि तिथूनच शोधायला लागा. मला हार नको, रंग नको. त्या गोल ओच्या पोटात आता भोक आहे, तेवढं राहू द्या. उद्या पहाटे वाडीतल्या बायका काठावर उभ्या असतील आणि मी त्यांना आणायला जाणार आहे. पुन्हा कधी गप्प झालो, तर झाकणावर काय लिहिलंय ते वाचू नका. आधी नाकापुढे बोट धरून बघा.