मावशी म्हण

आमच्या अनाथ मुलांच्या संस्थेत कोणालाही आई म्हणायचं नाही. पोळ्या लाटणारी मावशी, आंघोळ घालणारी मावशी, आणि इथेच केस पांढरे झालेली मी, वच्छला, थोरली मावशी. लेकरू चुकून आई म्हणालं की आम्ही लगेच सांगतो, "मावशी म्हण." जी कोणी न्यायला येईल तिच्यासाठी तो शब्द राखून ठेवायचा.

हिवाळ्यात जर्मनीहून क्लारा आली, दोन महिने लेकरांसोबत राहून मदत करायला. मी नाक मुरडलं. असे पाहुणे येतात, फोटो काढतात, चॉकलेटं वाटतात आणि जातात; बिघडलेली पोटं मला निस्तरावी लागतात. पण क्लारा कामाची निघाली. शेंबूड पुसला, ओल्या चादरी पिळल्या. माझ्या डब्यातला झणझणीत पाटोडी रस्सा खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा मागून घेतला. मला ती आवडायला लागली.

पाच वर्षांची उन्नती तर तिला गोचिडीसारखी चिकटली. एकदा सकाळी अंगणात क्लारा तिच्या वेण्या घालत होती, वाकड्यातिकड्या. मी बादली घेऊन चालले होते, तेवढ्यात कानावर आलं, "आई, जोरानं नको ओढू."

मी बादली आपटली. "काहून वं, हे कोनं शिकवलं तिले?"

"ती स्वतःच म्हणाली." क्लाराचं मराठी पुस्तकातलं होतं. "मला छान वाटलं. मी नको म्हटलं नाही."

"छान वाटलं! येत्या गुरुवारी सावनेरहून नवरा-बायको येऊन राहिले तिले पाहाले. दत्तक घ्याचं आहे त्यायले. पोरगी त्यायच्याजवळ गेली नाही तं ते तसेच वापस जातीन. तू तं विमानात बसून चालली जाशीन. मंग हिची आई कोन?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. जरा जास्तच बोलले मी, पण शब्द मागे घेतले नाहीत. सगळ्यांना तान्हं बाळ हवं असतं. उन्नतीसाठी पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

गुरुवारी मी क्लाराला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि बजावलं, काही झालं तरी बाहेर यायचं नाही. सावनेरचा हेमराज कोळसा खाणीत कामाला, उंच आणि अबोल. बायको जयवंता हातात बाहुली घेऊन सतरंजीवर बसली होती. उन्नतीनं बाहुलीकडे पाहिलं, जयवंताकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून भोकाड पसरलं.

"आई! आई, ये ना!"

जयवंताचा चेहरा उतरला. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. आता ही बया बाहेर येते आणि सगळं पाण्यात जातं. पण दार उघडलं नाही. आतून नुसते हुंदके ऐकू येत होते.

"भेली पोरगी," हेमराज उठत म्हणाला. "चाल, जाऊ आपन."

जयवंता हलली नाही. "कोनाले बलावून राहिली वं मावशी ती?" तिनं मला विचारलं.

लपवून काय होणार होतं? मी सगळं सांगून टाकलं. तिनं बाहुली बाजूला ठेवली. मग नवऱ्याला म्हणाली, "बसा तुमी. मले हेच भेव होतं, एवढी मोठी पोरगी, कोनाले जीव लावते का नाही. हिले तं लावता येते."

ती उन्नतीकडे थोडी सरकली. "मले मावशी म्हन. मी इथंच बसतो."

रडून रडून उन्नतीची एक वेणी सुटली होती. जयवंतानं रिबीन उचलली आणि हातात धरून बसून राहिली. ओढलं नाही, बोलावलं नाही. शेवटी पोरगी थकली, हुंदके देत तिच्याजवळ गेली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"जोरानं नको ओढू," ती म्हणाली.

क्लारा गेली तेव्हा उन्नतीनं तिला मावशी म्हणूनच निरोप दिला. क्लारानंच तिला रोज रडू आवरून तसं शिकवलं होतं. पुढे कागदपत्रं झाली आणि उन्नती सावनेरला गेली.

दिवाळीत ती भेटायला आली. नवा फ्रॉक, दोन सरळ वेण्या. जयवंताचा हात सोडून धावत येऊन माझ्या पदराला झोंबली. चार दिवसांची असताना ती आमच्याकडे आली होती. तापात माझ्याच मांडीवर झोपायची. बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द आईच होता, माझ्याकडे बघून म्हटलेला. मी तिला म्हटलं होतं, मावशी म्हण.

"आई," ती जयवंताला म्हणाली, "हे माही थोरली मावशी."

"बरोबर," मी म्हटलं. मग चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं आणि क्लारा बसली होती त्याच स्टुलावर बसून रडले.