टाक्यावरचं पाणी

"मॅडम, फळी उठाऊँ?" यशदीपने विचारलं. मी थांब म्हणाले. काय दिसेल याची भीती वाटत होती.

कॉलेजच्या वर्कशॉपमागचं हे चुन्याचं टाकं सोमवारी बुजवणार होते, पार्किंगसाठी. आतला चुना चांगला निघाला तर तलावाकाठच्या भोसल्यांच्या काळातल्या समाधी-छत्रीचा गिलावा माझे विद्यार्थी करणार. सुकून गेला असेल, तर ट्रस्ट सिमेंट थापणार, आणि सिमेंटखाली ओल कोंडून त्या जुन्या विटांचा भुगा होणार. नवा चुना मुरायला वेळच नव्हता.

टाकं भार्गव सरांचं, मी इथे शिकत असतानाचं. आमची पहिली बॅच. कळीचा चुना आम्ही पाण्यात विरवला, तो खदखदला, निवला. वर पाणी राखून सरांनी फळ्या लावल्या. जितका मुरेल तितका चांगला, म्हणून प्रत्येक बॅचने मागच्यांचा चुना वापरायचा आणि पुढच्यांसाठी विरवायचा. आमच्या आधी तर कोणी नव्हतंच.

"मंग आमाले काय भेटलं सर?" आमच्यातला पराग कुरकुरला होता.

"तुले पुढचे भेटले ना," सर म्हणाले.

पुढे तो विषयच बंद पडला, सर निवृत्त झाले. आता शाश्वत वास्तुकला सक्तीची झाली आणि ती शिकवायला मी आले, आठ महिन्यांची लेक दिवसभर आईकडे ठेवून. सर जुलैत वारले. वरचं पाणी आटलं की चुना मेला, आणि एवढ्या वर्षांत इकडे कोण फिरकणार?

यशदीपने फळी उचलली.

पाणी होतं. नितळ, काठोकाठ. मी हातमोजा चढवला, हात आत घातला. पाण्याखालचा पांढरा थर बोटाखाली अलगद दबला. लेकीच्या टाळूवर तेल घालताना जपून हात ठेवते, तसाच ठेवावासा वाटला. गंधाली हळूच म्हणाली, "मॅडम, ये तो ज़िंदा है."

मागे वॉचमन बंडूभैया उभे होते. सर यायचे, त्यांनी सांगितलं. तेलीबांध्याच्या घरून, बसने. पाणी टाकायचे, झाकायचे, परत जायचे. उन्हाळ्यात तर पुन्हापुन्हा.

"तुम्ही विचारलं नाही, काहून येता म्हणून?"

"विचारलं ना. म्हने, पोट्टे येतीन. मंग सर आलेच नाही. तवापासून मीच टाकून राहिलो."

चुना घमेल्याघमेल्याने निघाला. छत्रीच्या भिंतीवर आज तो ओल्या गोणपाटाखाली सावकाश धरतो आहे.

टाकं सोमवारीच बुजलं. पण त्याआधी, रविवारी, नेहमी मार्कांचंच विचारणाऱ्या यशदीपने कुठूनशी कळीची पोती आणली, आणि रिकाम्या टाक्यात मुलांनी नवा चुना विरवला. निवल्यावर निळ्या ड्रमात भरला. कॉलेजात त्याला जागा नव्हती.

ड्रम आता माझ्या मागच्या गॅलरीत आहे. लेक रांगत तिकडेच धावते, म्हणून झाकणावर पाटा ठेवलाय. तिची आंघोळ उरकली, ती निजली, की मी पाटा सरकवते आणि ड्रममध्ये तांब्याभर पाणी ओतते.