वहिनीला सुचवलेल्या मुली

योगेंद्रदादाचं लग्न होऊन अकरा महिने झाले होते, तरी घरात वहिनी आहे हे आम्हाला तिच्या कामांवरूनच कळायचं. सकाळी उठावं तर अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं, डबे ओट्यावर तयार. ती स्वतः कुठेतरी दाराआड भिंतीला टेकून उभी. हर्षला तिचं नाव. माहेर खालापूरच्या पलीकडचं. आई शेजारच्या छायाकाकूंना कौतुकानं सांगायची, "गुणी हाय गं. तोंडातून शब्द नाय."

मी साजगावच्या एका कारखान्यात, ऑफिसमध्ये आहे. दहिवलीहून रोज स्कूटीनं जाऊन येऊन करते. संध्याकाळी घरी आले की पाय वर घेऊन फोनवर अॅनिमे बघते, म्हणजे जपानी कार्टून मालिका. त्यातही मला एकाच जातीच्या आवडतात. एक गोड मुलगी असते, डोक्यानं जरा सटकलेली, आणि तिच्या उद्योगांनी सगळ्या गावाची धांदल उडते. इन्स्टावर माझं छोटंसं पान आहे, तिथे मी दोन-चार ओळी लिहून कोणी काय बघावं ते सुचवते. जपानी नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी मालिकांना माझीच नावं ठेवते.

भातलावणी उरकली होती, त्या सुमाराची एक संध्याकाळ. वहिनी येऊन माझ्याशेजारी बसली. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"ताई, मला पण सांगा ना एखादी."

"कशी पाहिजे? गोड, वेडी, का दोन्ही?"

तिनं बराच वेळ विचार केला. "घरातले सगळे जिच्यावर हसतात पण कोणी रागवत नाही, अशी."

मी तिला 'चपलावाली' दिली. एका लहानशा गावातली मुलगी स्वतःला मोठी डिटेक्टिव्ह समजते, पण तिच्याकडे केसेस येतात त्या फक्त हरवलेल्या चपलांच्या. हिंदीत आहे, बारा भाग. पहिला भाग आम्ही एकत्र बघितला. मी तो चौथ्यांदा बघत होते, तरी पोट धरून हसले. वहिनी हसली नाही. फळ्यावरचं गणित उतरवून घ्यावं तशी ती स्क्रीनकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, तिला आवडलं नाही.

ती रोज दुपारी एक भाग बघायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी ओटीवरच्या सगळ्या चपला ओळीत मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती खडूचं वर्तुळ. वहिनी कमरेवर हात ठेवून आप्पांसमोर उभी होती. आप्पा म्हणजे माझे वडील. सुनेशी ते तोवर दहा वाक्यंसुद्धा बोलले नसतील.

"काल संध्याकाळी सहा ते सात तुम्ही कुठे होता?" तिनं विचारलं. आवाज बारीक आणि कणखर. "तुमच्या डाव्या चपलेला चिखल आहे, उजवीला नाही. म्हणजे तुम्ही लंगडी घालत आलात!"

आप्पांच्या हातातला चहा हिंदकळला. मग ते हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. आई पदर तोंडाशी धरून दारात बसली. दादानं फोन काढून व्हिडिओ घेतला.

पुढचा आठवडा आमच्या घरात जत्रा होती. छायाकाकू रोज कसलं ना कसलं निमित्त काढून यायच्या आणि आपली चप्पल मुद्दाम लपवायच्या. दादा कामावरून थेट घरी यायला लागला. मला अभिमान वाटला. पानावर मी लिहिलंसुद्धा की माझ्या एका शिफारशीनं एक घर बदललं.

तेराव्या दिवशी मी घरी आले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर दूध उतू जाऊन गॅस विझला होता. तिचे हात मांडीवर होते. आई विचारत होती, "बरी नाय का गं?" वहिनी उत्तर देत नव्हती. मला बघितल्यावर म्हणाली, "ताई, ती संपली. आता दुसरी सांगा."

मी घाईघाईत दुसरी सांगितली, 'वाटचुकी'. त्यातली मुलगी सामान पोचवायचं काम करते, डावखुरी आहे, आणि तिला दार कधी सापडत नाही, म्हणून ती प्रत्येक घरात खिडकीतून शिरते. दोन दिवसांत वहिनी मागच्या खिडकीतून भाजीची पिशवी घेऊन आत उतरायला लागली. "माफ करा, हे पोस्ट ऑफिस आहे का?" पुन्हा सगळे लोटपोट. ती आता डाव्या हातानं भाकरी थापत होती. भाकऱ्या छान गोल होत होत्या. उजव्या हातानं तिनं कधी काही केलंच नसावं, असा तो हात नुसता लोंबत होता.

रविवारी मावशी आली. आई म्हणाली, "हर्षला, ते चपलांचं करून दाखव ना गं."

वहिनीनं आईकडे बघितलं. "कसल्या चपला?"

"अगं ते, आप्पांना विचारलंस ते."

"मी?" ती नम्रपणे हसली. "मला नाही आठवत."

आईला वाटलं लाजते आहे. मी वहिनीच्या समोरच बसले होते. ती लाजत नव्हती. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, आणि आत काही सापडत नव्हतं.

त्याच वेळी मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उलट पुढची मालिका मी निवडून दिली, आणि निवडताना मला माहीत होतं मी काय करते आहे. त्या मालिकेतल्या मुलीला एक मोठी बहीण असते, साधीशी, ऑफिसात जाणारी. मुलगी तिच्यावर जीव टाकते, तिच्या डब्यात गमतीच्या चिठ्ठ्या ठेवते, रस्त्यात उभी राहून ओरडते की जगातली सर्वांत भारी ताई ही माझी आहे.

ते बारा दिवस मी विसरणार नाही. माझ्या डब्यात चिठ्ठी असायची: 'ही बटाट्याची भाजी तुमची फॅन आहे.' ऑफिसातली सोनाली ती सगळ्यांना वाचून दाखवायची. संध्याकाळी स्कूटी वळणावर दिसली की वहिनी गेटवर चढून दोन्ही हात हलवायची. माझं लग्न ठरत नव्हतं, मैत्रिणी नेरळला नाहीतर मुंबईला निघून गेलेल्या. इतकी माझी वाट कोणी बघितलेली नव्हती.

अकराव्या दिवशीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: 'ताई, उद्या संपतंय. पुढची कोण?'

मी ती सोनालीला दाखवली नाही. घरी येऊन फडताळातला वाणसामानाचा जुना कागद काढला, वहिनीनं लग्नानंतर लिहिलेला. शेजारी चिठ्ठी ठेवली. कागदावरचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. चिठ्ठीतलं गोल, फुगीर, 'ई'च्या डोक्यावर छोटं फूल काढलेलं. एका माणसाची ही दोन अक्षरं वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली, बसली, वाट बघू लागली.

"वहिनी, आता कोणी नाही," मी म्हटलं. "आता तू तुझीच राहा."

"ती कशी होती?"

"कोण?"

"मी. तुम्ही बघितलंय ना तिला अकरा महिने? सांगा, मी करते."

तिचा आवाज सपाट होता. मी तोंड उघडलं. वहिनी झाडायची, भरायची, दाराआड उभी राहायची. तिला काय आवडायचं? कशानं राग यायचा? हसताना ती कशी दिसायची? मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी आईला विचारलं. "गुणी होती," आई म्हणाली, आणि पुढे काही सुचेना. आप्पा म्हणाले, "आवाज ऐकल्याचं नाय आठवत." दादा म्हणाला, "चहा चांगला करायची." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "नमे, तू दे ना एखादी तिला. काय बिघडतंय? खूश असते ती. आपण पण."

ती खूश असते का, हे मला सांगता येईना.

तीन दिवस वहिनी पाटावर बसून होती. दिलं तर जेवत होती. रविवारी सकाळीच मी तिला स्कूटीवर मागे बसवून खालापूरच्या पलीकडे तिच्या आईकडे नेलं. वाटेभर तिनं मला धरलं नव्हतं. पोतं ठेवावं तशी ती मागे होती, आणि दर वळणावर मी आरशात बघत होते, आहे ना.

सोनाबाई, तिची आई, अंगणात भिजवलेले वाल सोलत होती. वहिनी पायरीशी जाऊन थांबली, परक्याच्या घरी थांबतात तशी. सोनाबाईनं लेकीच्या तोंडाकडे एकदाच बघितलं. आनंद नाही, धक्का नाही. हातातला वाल तिनं सुपात टाकला आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेली.

"रिकामी झालीय ना?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"सात वर्षांची असताना आत्याकडं ठेवली व्हती. आली ती आत्याच्या पोरीसारखीच. तसंच तोतरं बोलणं, तसंच नखं खाणं. मग शाळेत बाईंसारखी. बाईंची बदली झाली तवा आठ दिवस अशीच बसली व्हती. आमी म्हटलं, पोरांचं असतंय असं."

"पण आमच्याकडे आली तेव्हा तर ती शांत होती. ती मूळची तशीच ना?"

सोनाबाईनं नकाराची मान हलवली.

"लगीन ठरलं तवा मला म्हणाली, आई, सून कशी असते गं? मी म्हटलं, गप असते बाय. काम करते, दिसत नाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "मीच सांगितलं."

आतून काही आवाज नव्हता. मी डोकावले. वहिनी खोलीच्या मधोमध उभी होती आणि भिंतीवरच्या तिच्याच शाळेतल्या फोटोकडे बघत होती. त्या फोटोतली मुलगी डोकं किंचित तिरकं करून हसते. बघता बघता वहिनीचं डोकं तसंच तिरकं झालं. मी धावत जाऊन फोटो खाली काढला आणि पालथा ठेवला.

"नको," मी म्हटलं. "ही पण नको."

आम्ही त्याच दुपारी परत आलो. मी आठवडाभराची रजा टाकली. घरात टीव्ही लावू दिला नाही. दादाला तिच्याशी गमतीनं बोलू दिलं नाही, छायाकाकूंना गेटातूनच परत पाठवलं. आई माझ्यावर चिडली. "बरं चाललेलं घर तू बिघडवलंस." मी ऐकून घेतलं. दिवसभर वहिनीच्या शेजारी बसून राहायचं, एवढंच मी ठरवलं होतं. तिच्याकडे बघत राहायचं नाही, कारण मी बघितलं की ती माझ्यासारखी बसायला लागायची. मी पाय दुमडला की तिचा पाय दुमडायचा. मग मी तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायचे. पाठीमागे तिचा श्वास ऐकू यायचा. कधी कधी तोही ऐकू यायचा नाही, आणि मी मोजत राहायचे, आणि वळून बघायची हिंमत व्हायची नाही.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आईनं कारल्याची भाजी केली होती. अकरा महिने वहिनी हे कारलं गुपचूप खात आली होती. तिनं एक घास घेतला, थांबली, आणि तो ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"मला कारलं आवडत नाय," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, खालच्या पट्टीतला, बरेच दिवस न वापरल्यासारखा. कोणत्याच मालिकेतला नव्हता तो. सोनाबाईचा नव्हता, माझा नव्हता. दादा हसण्यासाठी तोंड उघडून थांबला होता, त्यानं ते मिटलं. हसण्यासारखं काही नव्हतं.

तिनं मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं. आधी आप्पांकडे, मग आईकडे, दादाकडे, माझ्याकडे. सावकाश, एकेकावर थांबत. रागानं नाही, प्रेमानंही नाही. आम्ही कोण आहोत ते ती पहिल्यांदाच बघत होती. माझ्यावर तिची नजर थांबली तेव्हा मी ताटाकडे बघायला लागले. ही बाई वर्षभर आमच्या घरात होती आणि मी हिला ओळखत नव्हते.

"मग काय करू तुला?" आईनं विचारलं.

"काय नको. मी करून घेईन."

ती उठली. आत भांड्यांचा आवाज झाला, फोडणी तडतडली. अंड्याचा वास आला. आमच्या घरात श्रावणात अंडं शिजत नाही. ते तिला माहीत होतं. छायाकाकूंकडून आणलं असावं, कधी ते आम्हाला कळलं नाही. आप्पा ताटावरून उठून ओटीवर गेले.

या गोष्टीला आता चार महिने झाले. वहिनी कर्जतच्या बाजूला एका नर्सरीत रोपं भरायच्या कामाला जाते. तिथलं काम कोणी सुचवलं असं विचारलं तर म्हणते, "मीच गेले विचारायला." चहा ती करत नाही, दादा करतो. त्यांची भांडणं होतात, आणि भांडण झालं की दादा गोंधळून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. मध्यंतरी एकदा ती चार दिवस माहेरी जाऊन राहिली, आणि परत येईल की नाही हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. परत आली. का आली तेही सांगितलं नाही.

माझ्या डब्यात आता चिठ्ठी नसते. परवा संध्याकाळी मी फोन घेऊन बसले होते. ती हातपाय धुऊन आली आणि थोडं अंतर ठेवून बसली. नखांत माती होती.

"बघायचंय काही?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुमी बघा. मला हसू येत नाय त्याच्यात."

मी आवाज बंद करून बघत राहिले. ती काडीनं नखांतली माती काढत होती, आणि मधूनच काहीतरी आठवून स्वतःशीच हसली. कशाला, ते मी विचारलं नाही.