सुईखालची चिंधी

शिंपीणबाईंच्या लेकीला घरात बटण म्हणत. जन्मली तेव्हापासून डोळे गोल, काळे आणि टक्क उघडे. दीड वर्षाची झाली तरी संध्याकाळ उतरली की ते मिटायचं नाव घेत नसत. कोमट पाण्यानं अंघोळ झाली, पाठीला तेल झालं, मंद दिवा झाला. अंगाईची तर इतकी पारायणं झाली, की वरच्या मजल्यावरच्या पोस्टमननं एकदा जिन्यात थांबून दुसरं कडवं म्हणून दाखवलं. सगळं यथासांग व्हायचं. बटण मात्र आईची बाही मुठीत धरून टुकुटुकु बघत राहायची, आणि आईनं श्वास रोखून बाही सोडवली रे सोडवली, की भोंगा सुरू.

बाही सोडवणं तर भागच होतं. समोरच्या भिंतीला मशीन उघडं असायचं, सुईखाली कुणाचा तरी अर्धा झगा अडकलेला. नवरा बेकरीत रात्रपाळीला. तो संध्याकाळीच बाहेर पडायचा. पोर झोपली की उरलेलं शिवायचं, हा रोजचा बेत. तो रोज फसायचा, आणि फसलेला बेत कसाबसा पुरा करता करता शिंपीणबाईंची झोप चारी बाजूंनी कातरली जायची.

एका दुपारी त्यांचा डोळा लागला तो मशीनवरच. पाय पॅडलवर होता. सुई बोटातून आरपार गेली.

सासूबाईंना फोनवर कळलं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. रविवारी येते, म्हणाल्या, पोरीला सहा महिने माझ्याकडे नेते. तू आधी माणसात ये. बोलणं मायेचं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. नवराही खाली बघत म्हणाला, की आई काही चुकीचं बोलत नाही. शिंपीणबाईंनी बटणची झबली-टोपरी कपाटातून काढली आणि परत आत ठेवली. सहा महिन्यांत पोर बोलायला लागेल, आणि तिचं पहिलं वाक्य ऐकायला आपण नसू.

बोटाला पट्टी असल्यानं शिवण बंद. बुधवारी संध्याकाळी, हाताला दुसरं काम नाही म्हणून, त्यांनी मशीन आवरायला घेतलं. ज्यांच्याकडे त्या शिवणकाम शिकल्या, त्या बाईंची शिस्तच होती: दिवस संपलाय हे मशीनलाही कळलं पाहिजे. बटण झाल्यापासून ही शिस्त पार मोडली होती.

सुया उशीत टोचल्या. लोहचुंबक फरशीवरून फिरवला. टाचण्या टिकटिक उड्या मारत त्याला चिकटल्या. मशीनला तेलाचे दोन थेंब दिले, चाक हातानं सावकाश फिरवलं. ओघळलेलं तेल शोषून घ्यायला सुईखाली एक पांढरी चिंधी दाबून ठेवली. मग वरून निळी खोळ घातली.

बटण फरशीच्या मधोमध बसून हे सारं बघत होती. खोळ पडली तशी तिनं जांभई दिली, अशी ऐसपैस, की आतले चारही दात दिसले. मग आपली आपण अंथरुणावर गेली आणि आडवी झाली. बाही न धरता.

शिंपीणबाईंनी आधी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

गुरुवारी तेच झालं. शुक्रवारीही तेच. शनिवारी पहाटे मशीन उघडलं तेव्हा त्या सलग सात तास झोपून उठल्या होत्या. दुखऱ्या बोटानंही शिलाई सरळ येत होती. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की पोरीचं लक्ष गाण्याकडे कधी नव्हतंच. ती उघड्या मशीनकडे बघत होती. मशीन उघडं, म्हणजे आई उठून जाणार. नारळाएवढं डोकं, आणि दीड वर्ष त्यात हे चाललेलं! झोपलेल्या पोरीकडे बघताना त्यांच्या अंगावर काटा आला.

रविवारी सासूबाई रिकामी बॅग घेऊन हजर झाल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की चार दिवस तर नवा झाडूही छान झाडतो. संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या, तोंडी परीक्षा घ्यायला सर बसतात तशा.

शिंपीणबाईंनी आवरायला घेतलं. सुया, टाचण्या, तेल, खोळ.

बटण जागची हलली नाही. मशीनसमोर तशीच उभी राहिली, आणि तिचा ओठ थरथरू लागला. सासूबाईंनी उसासा टाकला आणि बॅगेची चेन उघडली.

तेवढ्यात बटण कापडाच्या टोपलीत वाकली. लाल तुकडा फेकला, पिवळा फेकला, तळातून एक पांढरी चिंधी ओढून काढली आणि आईपुढे धरली.

शिंपीणबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी खोळ उचलली, चिंधी सुईखाली दाबली, खोळ पुन्हा घातली. बटणनं मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला, अंथरुणावर गेली आणि बघता बघता झोपली.

सासूबाई नातीकडे बघत होत्या. एवढी वर्षं चार मुलं निजवलेली बाई, पण चेहऱ्यावर असं काही, की जणू मूल पहिल्यांदाच पाहतायत.

"मला वाटायचं, आपण पोरांना झोपवतो," त्या पुटपुटल्या.

त्यांनी रिकाम्याच बॅगेची चेन लावली. एकेक दात मोजावा इतकी हळू.

"आई, दिवा मालवू का?" शिंपीणबाईंनी हळूच विचारलं.

"थांब. खोळीचा तो कोपरा वर राहिलाय बघ. नीट कर आधी, नाहीतर उठून ओरडेल मला."